रोज अप-डाऊन करणाऱ्यांसाठी: पेट्रोलचा खर्च कसा आवरायचा

मी परभणीत राहतो आणि जिंतूर रोडला ३२ किलोमीटरवरच्या एका गावात शाळेवर आहे. जाऊन-येऊन रोजचे ६४ किलोमीटर. महिन्यात शाळेचे चोवीस दिवस धरले तर दीड हजार किलोमीटरच्या वर जातात. आमच्याकडे याला अप-डाऊन म्हणतात. तलाठी, ग्रामसेवक, सिस्टर, बँकेतले कारकून, शिक्षक अशा कितीतरी घरांचं महिन्याचं गणित या एका शब्दावर उभं असतं.

पेट्रोल वाढलं की परभणीचं नाव हमखास बातमीत येतं, कारण राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलमध्ये आमचा नंबर असतो. आमचं पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरने येतं, तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून. ते भाडं लिटरमागे चढतं. २०२२ च्या मे महिन्यात मुंबईत लिटरला १२० रुपये ५१ पैसे पडत होते आणि आमच्याकडे त्याहूनही जास्त. मग केंद्राने २२ मे रोजी पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ८ रुपयांनी घटवलं, जुलैत राज्याने व्हॅट ५ रुपयांनी उतरवला, मार्च २०२४ मध्ये आणखी २ रुपये कमी झाले. एवढं होऊनही आकडा शंभराच्या वरच राहिला. जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहाला ठरतो, त्यामुळे पंपावरच्या पोराशी वाद घालून काही निघत नाही.

त्या १२० च्या उन्हाळ्यात मी वही घातली. तेव्हापासून जे केलं, त्यातून जे खरंच उपयोगी पडलं ते क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक शेवटच्या पायरीपासून, म्हणजे नवी गाडी घेण्यापासून विचार सुरू करतात.

आधी मोजा

"माझी गाडी साठ देते" असं प्रत्येकजण सांगतो. कसं मोजलं विचारलं तर शोरूमवाल्याने सांगितलेला आकडा निघतो, नाहीतर "शंभराचं टाकलं होतं, परवा रिझर्व्हला लागली" असा अंदाज. रिझर्व्हवरून आणि पेट्रोलच्या काट्यावरून अ‍ॅव्हरेज कळत नाही.

टाकी फुल्ल करा. नळी पहिल्यांदा आपोआप टक्कन बंद होते तिथेच थांबवा, वरून गळ्यापर्यंत भरू नका. ओडोमीटरचा, म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर चालली त्याचा, आकडा वहीत लिहा. गाडी नेहमीसारखी चालवा. टाकी अर्ध्याच्या खाली आली की त्याच पंपावर, जमल्यास त्याच मशीनवर, दुचाकी तशीच मेन स्टँडवर लावून पुन्हा फुल्ल करा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर, हे तुमचं खरं अ‍ॅव्हरेज. एका टाकीवर विश्वास ठेवू नका. तीन टाक्यांची सरासरी काढा, कारण एखाद्या आठवड्यात लग्नसराई येते, एखाद्यात समोरचा वारा असतो.

मग पुढचा आकडा काढा, जो कोणी काढत नाही: किलोमीटरमागे किती रुपये. भाव १०५ धरू. ४८ चं अ‍ॅव्हरेज असेल तर किलोमीटरला २ रुपये १९ पैसे. ५७ असेल तर १ रुपया ८४ पैसे. फरक ३५ पैशांचा दिसतो, पण माझ्या १५३६ किलोमीटरवर तो महिन्याला ५३० रुपये होतो. भाव लिटरला पाच रुपयांनी वाढला तर ४८ वाल्याचा खर्च महिन्याला १६० रुपयांनी वाढतो. म्हणजे गाडी नीट नसेल तर त्यात जाणारा पैसा पाच रुपयांच्या भाववाढीच्या तिपटीहून जास्त आहे. हे वहीत दिसलं त्या दिवशी मी बातम्या बघून चिडणं कमी केलं आणि पान्हा हातात घेतला.

चाक हाताने फिरवून बघा

माझ्या वहीतला पहिला आकडा ४८ होता. शंभर सीसीची गाडी, सहा वर्षं जुनी, आदल्याच महिन्यात सर्व्हिसिंग केलेली. ४८ येणं शक्य नव्हतं.

एका संध्याकाळी शाळेतून येऊन गाडी अंगणात लावली आणि सहज मागच्या ड्रमला, म्हणजे चाकाच्या मधल्या ब्रेकच्या डब्याला, हात लागला. हात चटकन मागे घ्यावा लागला इतका तो तापलेला होता. गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली, मागचं चाक हाताने जोरात फिरवलं. अर्धा फेरा, आणि थांबलं. सर्व्हिसिंगला गॅरेजमध्ये मागचा ब्रेक इतका आवळून दिला होता की ब्रेक न दाबताही लायनर ड्रमला घासत होते. महिनाभर मी ब्रेक लावलेली गाडी रोज ६४ किलोमीटर ओढत होतो आणि पेट्रोलच्या भावाला दोष देत होतो. ब्रेकच्या रॉडवरचा नट सैल केला, पायाला थोडा मोकळा खेळ ठेवला, चाक पुन्हा फिरवलं. आता ते चार-पाच फेरे फिरून सावकाश थांबलं. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी ५४ आली. खर्च शून्य.

म्हणून दुचाकीवाल्यांना माझं पहिलं सांगणं हेच: दर रविवारी मेन स्टँडवर दोन्ही चाकं फिरवून बघा. त्याच वेळी चेन बघा. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून किती हलते ते पुस्तिकेतल्या मापाशी ताडून घ्या. फार आवळलेली चेनही गाडी ओढते आणि कोरडी, धूळ खाल्लेली चेनही. उन्हाळ्यात आमच्या रस्त्याला पीठासारखी धूळ असते, त्यामुळे मी चेन दर पाचशे किलोमीटरला पुसून तेल देतो. एअर फिल्टरचंही तसंच. पुस्तिकेत दिलेली मुदत बऱ्या रस्त्यांसाठी असते, धुळीच्या रस्त्याला ती आधी येते. क्लचच्या लिव्हरला थोडा ढिला खेळ आहे ना, तेही बघा. नसेल तर क्लच सतत किंचित दाबल्यासारखा राहतो, इंजिन ओरडतं आणि गाडी तेवढी पळत नाही. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. जाड ऑइलने इंजिन जास्त टिकतं हा जुन्या मेकॅनिकांचा समज आजच्या गाड्यांना लागू नाही.

हवा. हा विषय सगळ्यांना माहीत असतो आणि म्हणूनच कोणी करत नाही. पंक्चरच्या दुकानातलं मीटर बहुतेक वेळा अंदाजाचंच असतं, "चाळीस टाकू का सर?" असं विचारून मोकळे होतात. दोन-तीनशे रुपयांचा हवा मोजायचा गेज घ्या आणि घरीच ठेवा. सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजायची. चालवून तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो. किती हवी ते चारचाकीत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आणि दुचाकीत चेनकव्हरजवळ किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं; एकट्याचं आणि मागे माणूस बसवल्यावरचं माप वेगळं असतं. पंपावर हवा फुकट मिळाली पाहिजे, तो तिथला नियम आहे. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची रोजच्या गाडीला गरज नाही. दर पंधरा दिवसांनी साधी हवा तपासणं पुरे.

उजवा हात

पुढची बचत हँडलच्या उजव्या मुठीत किंवा ॲक्सिलरेटरच्या पायात आहे. ती सगळ्यात अवघड, कारण ती स्वभावाची आहे. मला ती जमायला वर्ष लागलं.

दुचाकी ४५ ते ५५ च्या दरम्यान सगळ्यात कमी पिते. आमच्या रस्त्यावर सत्तरने गेलो तर ३२ किलोमीटरला पंधरा मिनिटं वाचतील असं वाटतं. मी घड्याळ लावून बघितलं. गावं, गतिरोधक, कापसाच्या गाड्या, शेळ्या धरून सत्तरवाल्याचे सहा-सात मिनिटंच वाचतात. त्यासाठी तो प्रत्येक गतिरोधकाला करकचून ब्रेक मारतो आणि पुन्हा रेस करतो. ब्रेकमध्ये जळते ती आधी पेट्रोल जाळून मिळवलेली गतीच असते. मी सकाळी दहा मिनिटं आधी निघतो, एवढाच माझा उपाय. गावाची पाटी दिसली की मूठ सोडून द्यायची, गाडी गिअरमध्येच ठेवायची आणि गतिरोधकापर्यंत तिला आपोआप हळू होऊ द्यायचं.

गिअरमध्येच, हे मुद्दाम सांगतो. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडायची सवय आपल्याकडे फार आहे आणि "पेट्रोल वाचतं" असं बापाने पोराला शिकवलेलं असतं. आज रस्त्यावरच्या बहुतेक नव्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आहे. दुचाकीत एप्रिल २०२० च्या बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमानंतर ते बहुतेक गाड्यांत आलं. अशा गाडीत गिअर टाकलेला असताना मूठ सोडली की संगणक पेट्रोल जवळपास पूर्ण बंद करतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं तर मात्र इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहायला पेट्रोल घेतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत होत नाही, उलट थोडं जास्तच जातं. आणि इंजिनाचा ब्रेक हातचा जातो, तो धोका वेगळाच. पुण्यात कात्रजहून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ ला एका जड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. त्या उतारावर गाडी न्यूट्रल करू नका असं वारंवार सांगितलं जातं, ते याच सवयीमुळे. घाटात चार रुपयांचं डिझेल वाचवायच्या नादात कोणी इंजिन बंद करत असेल तर त्याला हात जोडून थांबवा.

रेल्वे फाटक बंद असेल किंवा थांबा अर्ध्या मिनिटाहून जास्त असेल तर गाडी बंद करा. सकाळी गाडी पाच मिनिटं गरम करत ठेवायची गरज इंजेक्शनच्या गाडीला नसते. सुरू करा, हेल्मेटचा पट्टा लावा आणि पहिला किलोमीटर शांतपणे चालवा.

ब्रेकने अ‍ॅव्हरेज ५४ वर आणून दिलं होतं. हवा आणि उजवा हात यांनी ते ५७ केलं.

चारचाकी काढताना

घरी चारचाकी आहे, जुनी हॅचबॅक, लिटरला १८ देते. तिच्याबद्दल तीनच गोष्टी सांगतो. वरचं कॅरिअर लग्न किंवा सहलीपुरतं लावा आणि घरी आल्यावर उतरवा, ते वारा धरतं. डिकीत वर्षभर पडलेलं सामान काढा. आणि दोन किलोमीटरवरच्या भाजीसाठी ती काढू नका. थंड इंजिन सुरुवातीच्या किलोमीटरना सगळ्यात जास्त पितं, म्हणून चार कामं चार वेळा करण्यापेक्षा एका फेरीत उरका.

लांबच्या प्रवासाचं मात्र नीट समजून घ्या. आता आम्ही मुंबईला जाताना जालन्याहून समृद्धी महामार्गाला लागतो. तिथे कारला १२० ची मुभा आहे आणि रस्ता इतका मोकळा असतो की पाय आपोआप दाबला जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ९० ऐवजी १२० ने गेलात तर वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढतो आणि हवेचा रेटा जवळपास पावणेदोन पट होतो. तीनशे किलोमीटरला वेळ वाचतो पाऊण तासाच्या आसपास. तो पाऊण तास तुम्हाला किती पेट्रोलच्या बदल्यात हवा, ते तुम्ही ठरवा. मी ९० वर जातो आणि टायर घासलेला असेल तर त्या रस्त्याला लागतच नाही.

एसीचा खर्च आहेच, पण आमच्या मे महिन्यात तो बंद ठेवून डोकं तापवून गाडी चालवू नये. गाडी उन्हात तापली असेल तर आधी दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. वेगात असताना काचा बंदच बऱ्या.

चौघं मिळून

या पायरीवर पैसा सगळ्यात मोठा आहे. माझ्या रस्त्यावरच्या चार शाळांतले आम्ही चौघं गेल्या दोन वर्षांपासून पावसाळ्यात आणि उन्हाच्या महिन्यांत एका गाडीने जातो.

हिशेब असा. ६४ किलोमीटरला १८ च्या अ‍ॅव्हरेजने ३.५६ लिटर, म्हणजे ३७३ रुपये. एकट्याने गेलं तर परवडणारच नाही, कारण ५७ देणाऱ्या दुचाकीला याच अंतराला ११८ रुपये लागतात. तिघांत वाटलं तर प्रत्येकी १२४, दुचाकीच्या जवळपास. चौघांत ९३. म्हणजे चौथा माणूस आला की चारचाकी दुचाकीपेक्षा स्वस्त होते, शिवाय पाऊस, ऊन, धूळ, पाठदुखी यांतून सुटका. म्हणून आमच्यात चौथी जागा रिकामी ठेवायची नाही असं ठरलेलं आहे. कोणी रजेवर असेल तर वाटेतल्या उपकेंद्रातल्या सिस्टर येतात.

भांडणं होतात ती पैशावरून कमी आणि वेळेवरून जास्त. तीन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवा. एक, थांबा कुठे आणि किती मिनिटं वाट बघायची. आम्ही वसमत रोडच्या कोपऱ्यावर पाच मिनिटं थांबतो, नंतर निघतो, आणि त्याचा राग कोणी धरत नाही. दोन, पैसे कसे. आमची पद्धत सोपी आहे: ज्याच्या घरी चारचाकी आहे त्याने एकेक आठवडा गाडी काढायची, ज्याच्याकडे नाही त्याने ठरलेली रक्कम महिन्याच्या पाच तारखेला द्यायची. त्या रकमेत पेट्रोलबरोबर टायर-सर्व्हिसिंगचे किलोमीटरला रुपयाभर धरतो, नाहीतर गाडीवाल्यावर अन्याय होतो. तीन, कोणी आलं नाही तर त्या दिवसाचे पैसे कापायचे की नाही. आम्ही कापत नाही.

एक काळजी घ्या. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी, गाडीत खर्च वाटून घेणं वेगळं आणि सीटमागे भाडं घेऊन नफा कमावणं वेगळं. दुसरं केलं तर ती प्रवासी वाहतूक ठरते, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

एसटी आणि रेल्वे

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना त्याआधी, ऑगस्ट २०२२ पासूनच प्रवास मोफत. आमच्या शाळेतल्या मॅडमनी मासिक पासचा आणि अर्ध्या तिकिटाचा हिशेब शेजारी-शेजारी मांडला तो असा: पासला वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस फिरता येतं; चोवीस दिवस अर्धं तिकीट काढलं तर बारा दिवसांचंच भाडं होतं. महिलांनी पासच्या नादी लागू नये. पुरुषांना मात्र महिन्यात वीसपेक्षा जास्त दिवस जायचं असेल तर पास परवडतो.

अडचण गाडीच्या वेळेची आहे हे मला माहीत आहे. सकाळची एसटी वेळेवर असते, परतीची नसते. म्हणून मी आठवड्यातून दोन दिवस, ज्या दिवशी शाळेनंतर कुठे थांबायचं नसतं तेव्हा, एसटीने जातो. पूर्ण सोडणं जमत नसेल तर दोन दिवससुद्धा महिन्याला आठ फेऱ्या वाचवतात.

जिंतूरला रेल्वे नाही, पण पूर्णा, गंगाखेड, सेलू, मानवत रोड या बाजूंना अप-डाऊन करणाऱ्यांनी रेल्वेचा सीझन पास नक्की बघावा. स्टेशनपर्यंत दुचाकी आणि पुढे गाडी, हे गणित बहुतेक वेळा सगळ्यांत स्वस्त येतं.

पंपावर

मीटरवर शून्य बघा आणि नळी निघेपर्यंत नजर मीटरवर ठेवा, फोनवर नाही. शंभरऐवजी एकशे दहाचं टाकलं की जास्त मिळतं, सकाळी थंडाव्यात भरलं की जास्त बसतं, असं खूप फिरतं, पण त्यात अर्थ नाही. टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. शंका असेल तर पाच लिटरचं माप मागा. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं ते माप प्रत्येक पंपावर असावं लागतं, आणि पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचीच सूट आहे. मागायला लाजू नका. मी एकदा मागितलं तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघांनीही थांबून बघितलं. माप बरोबर भरलं आणि मनातली किल्मिषं गेली. कमी भरलं तर तक्रार पुस्तक मागायचं.

पुस्तिकेत लिहिलेलं नसेल तर महागाचं पॉवर पेट्रोल साध्या गाडीला घालू नका. नळीला चुंबक लावणारी, टाकीत गोळी टाकायला सांगणारी यंत्रं-औषधं घेऊ नका. आणि भाव वाढणार अशी अफवा आली म्हणून कॅनमध्ये पेट्रोल भरून घरात ठेवू नका. दोनशे रुपये वाचवायला स्वयंपाकघराशेजारी आग आणून ठेवण्यासारखं आहे ते.

सीमेवरच्या लोकांचं विचाराल तर सावंतवाडी-बांद्याकडचे गोव्यात आणि नवापूरकडचे गुजरातेत भरतात, कारण तिथे लिटरमागे बरेच रुपये वाचतात. रोजच्या वाटेवर पंप येत असेल तर जरूर भरा. मुद्दाम जात असाल तर आधी गुणाकार करा: लिटरला ८ रुपयांचा फरक आणि ३० लिटर म्हणजे २४० रुपये. त्यासाठी वीस किलोमीटर जाऊन परत आलात तर १८ च्या गाडीला २३३ रुपयांचं पेट्रोल तिथेच संपलं.

"पेट्रोलच हलकं येतंय"

हे वाक्य आता रोज ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे, पंपवाल्याची चोरी मात्र प्रत्येक वेळी नसते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळतात, त्याला ई-२० म्हणतात. आपल्याच भागातल्या ऊस-मक्याला त्यामुळे बाजार मिळतो हे खरं. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून तितक्याच लिटरमध्ये गाडी थोडी कमी पळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच हा अंदाज दिलेला आहे: साध्या पेट्रोलसाठी बनवून दहा टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकीत सहा ते सात टक्के घट, तशाच दुचाकीत तीन ते चार टक्के, आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या चारचाकीत एक ते दोन टक्के. माझ्या ५७ मधले दोन त्यात जाऊ शकतात. याहून जास्त, म्हणजे दहा-पंधरा टक्के घट दिसली तर दोष गाडीत शोधा, चाक फिरवण्यापासून. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या कडक झाल्या आहेत का, पेट्रोलचा वास येतो का, हेही वर्षातून एकदा मेकॅनिककडून बघून घ्या.

आणि मग नवी गाडी

सीएनजीची गाडी घ्यायची असेल तर आधी तुमच्या रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि रांग किती असते ते आठवडाभर स्वतः बघा. रोज पाऊण तास रांगेत गेला तर तोही खर्चच आहे. बाहेरून किट बसवलं तर आरसी बुकवर नोंद करून घ्या, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट, म्हणजे ती दाब सहन करते का याची तपासणी, चुकवू नका.

इलेक्ट्रिक स्कूटरचा हिशेब मी मांडून ठेवला आहे. ६४ किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून साधारण २.४ युनिट. इथे बरेच जण युनिटला पाच-सहा रुपये धरतात आणि चुकतात. महिन्याला ५८ युनिट वाढले की घरचा वापर शंभर युनिटच्या वरच्या टप्प्यात जातो आणि त्या वरच्या युनिटचा दर बराच जास्त असतो. म्हणून मी १४ रुपये धरले. तरीही दिवसाला ३४ रुपये, दुचाकीच्या ११८ समोर. महिन्याला दोन हजार वाचतात. स्कूटर आपल्या नेहमीच्या गाडीपेक्षा चाळीस हजारांनी महाग असेल तर वीस महिन्यांत फिटते. पण रोज वीसच किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी पाच वर्षं लागतील, त्याने घाई करू नये.

आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी गेल्या वर्षी घेतली. त्यांनी घेण्याआधी जे केलं ते मला फार आवडलं. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, नवऱ्याला मागे बसवून, त्या डेमोची स्कूटर घेऊन शाळेपर्यंत आल्या आणि परत गेल्या. निघताना शंभर टक्के होती, घरी पोचताना एकोणतीस. मग त्यांनी जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर कुठे आहे, बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे लेखी घेतलं आणि त्यानंतर पैसे भरले. शाळेत चार्जिंग करायचं नाही हेही त्यांनी आधीच ठरवलं होतं, कारण शाळेचं वीजबिल गावाच्या पैशातून जातं.